पुलाच्या अलीकडे मल्लाप्पा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि बायकोने, विद्याने, ही डायरी हातात ठेवली. "बोलत तर काही नाही तुम्ही, निदान लिहा," म्हणाली. अठ्ठावीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानाच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. 'झाकण क्रमांक चार उजवीकडे फिरवा.' मनातलं लिहायची वेळ कधी आली नाही. आता छप्पन्नाव्या वर्षी ही शिकवणी.

आज ऑफिसात वाईट दिवस. तीन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी देवव्रतच्या कंपनीत आलो. देवव्रत माझा हॉस्टेलमधला मित्र, आता व्हिडिओ गेम बनवतो. इंदिरानगरला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस; नऊ पोरं-पोरी आणि मी. खेळाचं नाव 'नीलदुर्ग'. खेळणारा माणूस त्यातला युवराज होतो, जादूच्या किल्ल्यात जातो, यक्षाशी लढतो वगैरे. त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालणारा एक म्हातारा सोबती आहे. सामान उचलतो, विस्तव पेटवतो, युवराज जखमी झाला की पाला वाटून लावतो. त्याचा शब्द न् शब्द मी लिहिलाय. कागदोपत्री मी त्याला 'सेवक-२' म्हणत होतो. आमच्याकडे प्रोग्रॅमिंग करणारी पवित्रा चिकोडीची. तिने तिच्या आजोबांचं नाव त्याला देऊन टाकलं. मल्लाप्पा.

गेला आठवडाभर चाळीस अनोळखी लोकांना खेळ खेळायला दिला होता. आज आकडे आले. चाळीसपैकी एकतीस जणांनी दुसऱ्या टप्प्यात झुलत्या पुलाशी मल्लाप्पाला 'इथे थांब' असा हुकूम दिला आणि पुढे गेले. तो हळू चालतो, खोकतो, अरुंद पुलावर वाट अडवतो. बावीस जण परत त्याला घ्यायला गेलेच नाहीत. विसरले.

देवचा फोन आला. "नंद्या, तुझा माणूस फ्लॉप आहे यार. सात मार्चला हेब्बाळला इन्व्हेस्टर लोकांना डेमो आहे. तोपर्यंत सुधार, नाहीतर काढून टाकू. कोल्हा घेऊ. लोकांना प्राणी आवडतात." मग म्हणाला, बुधवारी येतो, जेवताना निवांत बोलू.

पाच आठवडेसुद्धा नाहीत. कोल्ह्याला संवाद लागत नाहीत, हे मला कळतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

देवची वाट बघितली. तो महिन्याभरापूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या नव्या ऑफिसात गेला, इकडे फक्त बुधवारी येतो. "निघालो" असा मेसेज साडेबाराला आला. हेब्बाळचा फ्लायओव्हर म्हणजे काय प्रकार आहे हे मला ठाऊक आहे, त्यामुळे राग नाही. चार वाजता आला. वाटेत कुणाबरोबर तरी पिझ्झा खाल्ला होता. अर्धा तास कोल्ह्याची चित्रं दाखवली आणि गेला. मग मी डबा उघडला. भेंडी गार झाली होती.

आमची जुनी रीत आहे ही. सांगलीला हॉस्टेलच्या मेसमध्ये हा नेहमी उशिरा यायचा, क्रिकेट नाहीतर निवडणुका. मी त्याचं ताट धरून बसायचो आणि तो आल्याशिवाय घास घ्यायचो नाही. मेसचा आचारी मला 'देवव्रतची बायको' म्हणायचा. चार वर्षं चाललं ते. देवने ते लक्षात ठेवलं म्हणून तर मला इथं बोलावलं. असा माणूस मिळत नाही.

आमच्याकडे झाडलोट करायला यल्लव्वा येते. रोज दुपारी कानडीत विचारते, "ऊट आतेन री, सर?" जेवण झालं का म्हणून. देवचा दुपारचा फोन होईपर्यंत मी डबा उघडत नाही, म्हणून रोज म्हणतो, होईल, होईल. आज चार वाजता तिने विचारलंच नाही, फक्त बघितलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी अर्धा दिवस. दीडपर्यंत घरी येतो म्हणालो होतो, सव्वातीन झाले. देव फोनवर होता, मध्येच कसं उठणार. विद्या जेवली नव्हती. मी चिडलो. किती वेळा सांगितलं की थांबत जाऊ नकोस, पित्ताचा त्रास तुलाच होतो. "सवय आहे," म्हणाली आणि आमटी गरम करायला गेली. कारखान्याच्या दिवसांत भोंगा झाला की मी वीस मिनिटांत घरी जेवायला यायचो, तेव्हापासूनची ही सवय. बायकांना काही सांगून उपयोग नाही.

संध्याकाळी मल्लाप्पाचे सगळे संवाद पुन्हा वाचले. चांगले आहेत. कुठे चुकतंय कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पवित्रा सकाळीच खुर्ची ओढून शेजारी बसली. "सर, वाईट वाटून घेऊ नकासा. पण मल्लाप्पा मराय लागलाय."

जे नऊ जण पुलाशी परत गेले होते त्यांनी कळवलंय की म्हातारा मेलेला दिसला. तिने मला दाखवलं. दगडाजवळ उजव्या कुशीवर पडलेला, हात डोक्याखाली, पिशवी पोटाशी.

"कशानं मेला?" मी म्हटलं.

"उपाशी, सर. पिशवीत बारा भाकऱ्या हायत त्याच्या."

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी मल्लाप्पाच्या स्वभावाचं पान लिहिताना पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, 'मालक जेवल्याशिवाय हा जेवत नाही.' मी ते कौतुकानं लिहिलं होतं. पवित्राने तो नियम करून टाकला. मुक्कामाला युवराज जेवला की मगच मल्लाप्पा जेवतो. युवराजच जवळ नसेल तर हा जेवतच नाही. खेळातला एक दिवस वीस मिनिटांचा. नवव्या दिवशी म्हातारा आडवा होतो.

"अगं, विचारायचं तरी मला!"

"त्यात काय विचारायचं, सर? आमची आई तशीच करत्या. आजी करायची. मला वाटलं बरोबरच हाय."

मलाही तीन वर्षं तसंच वाटत होतं. दुसऱ्या कुठल्या देशातल्या पोरीने हा नियम लिहिताना एकदा तरी विचारलं असतं की हा माणूस वेडा आहे का. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि त्याला उपाशी मारला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पवित्रा म्हणते, ती ओळ काढून टाकते, दोन मिनिटांचं काम. मी नाही म्हणालो. ती ओळ काढली तर मल्लाप्पात उरलं काय? पाठीवर ओझं घेऊन चालणारा कुणीही हमाल. त्यापेक्षा युवराजालाच आठवण करून देऊ: मल्लाप्पा भुकेला आहे, अशी घंटा वाजवायची.

आज घंटा लावली. सहा जणांना खेळायला दिलं. चौघांनी घंटेचा आवाज बंद कसा करायचा ते शोधून काढलं.

फार थकलोय. माणसाला दुसऱ्याची आठवण घंटेनं येत नाही, एवढं कळायला माझा एक दिवस गेला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

देव आलाच नाही. मी पावणेतीनपर्यंत थांबलो, मग फोन केला. "अरे सॉरी, विसरलोच. नंद्या, तू तिकडचं सांभाळ. मार्चनंतर तुलाही हेब्बाळला घेऊ. तू थांब जरा." कोल्ह्याचं काम त्याने चित्रकाराला देऊन टाकलंय, 'असू दे हाताशी' म्हणून. पण डेमोला मल्लाप्पा मीच दाखवायचा, हेही तोच म्हणाला. म्हणजे दार बंद झालेलं नाही. बरं वाटलं.

यल्लव्वा सांगत होती, "सर, काल टेप घिऊन दोगं आलते. खोल्या मोजून गेले. बंगल्याचा मालकबी होता संगट." नवीन फर्निचर येणार असेल. या खुर्च्यांनी पाठीची वाट लावलीय, आलं तर बरंच होईल. यल्लव्वा मात्र कोपऱ्यातल्या तिच्या बादल्या मोजत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजही उशीर. चार वाजले. विद्या पलंगावर पडली होती, उजव्या कुशीवर, हात डोक्याखाली. डोकं दुखतंय, पोटात आग पडलीय म्हणाली. टेबलावर दोन ताटं पालथी घातलेली. मी खाली जाऊन पित्ताची गोळी आणली. घेऊन झोपली. मी आपलं वाढून घेतलं.

मल्लाप्पाच्या चालीचा वेग थोडा वाढवून बघावा का? सोमवारी पवित्राशी बोललं पाहिजे.

१ मार्च, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मी हा खेळ स्वतः कधी खेळलेलो नाही. हात चालत नाहीत, बटणं कळत नाहीत. पवित्रा म्हणाली, "सर, एकदा खेळून तर बघा. लोक का सोडून जातात ते तुम्हालाच कळेल." दहा वाजता बसलो. विद्याला सांगून आलो होतो, दीडला नक्की येतो, आज कितीही काम असो.

पुलापर्यंत यायला मला तास लागला. मल्लाप्पा मागून येत होता, खोकत होता, माझेच संवाद मला ऐकवत होता. "सांभाळून, मालक." "मी आहे, मालक." पुलावर तो माझ्या पुढ्यात आला आणि मी तीनदा दरीत पडलो. चौथ्यांदा वैतागून मी बटण दाबलं. इथे थांब. तो दगडावर बसला. मी पूल ओलांडला आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

मग किल्ला आला. आमच्या पोरांनी काय सुंदर केलाय तो! निळ्या दिव्यांची गल्ली, बोलणारे दरवाजे. एक कोडं सुटलं, दुसरं सुटलं. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, पण जागचा हललो नाही. पवित्रा मध्ये एकदा येऊन बघून गेली. शेवटी मागे उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्हीपण विसरलासा."

सव्वादोन वाजले होते.

मी पुलाकडे परत गेलो. तो उजव्या कुशीवर पडला होता. त्याने एकदाही हाक मारली नव्हती. हाक कशी मारेल? थांबलेला असताना बोलायला मी त्याला एकही वाक्य लिहून दिलेलं नाही. जाताना आहेत, लढताना आहेत, परत भेटल्यावर आहे. थांबलेल्या माणसाला काही म्हणायचं असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

मी खिशातून फोन काढला. विद्याचा एकही फोन नव्हता. ती कधीच करत नाही.

तडक रिक्षात बसलो. घरी, सी. व्ही. रामन नगरपर्यंत, पंधरा मिनिटं लागतात, आज संपता संपेनात. टेबलावर दोन ताटं पालथी. ती खुर्चीत बसून पेपर वाचत होती, तोंड उतरलेलं. मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" म्हणाली, "चहा झाला की."

घरात डब्यात पोळ्या होत्या. पातेल्यात भात होता.

मी तिच्यावर चिडलो नाही. आधी तिला वाढलं. मग म्हटलं, "विद्या, एक वाजल्यानंतर माझ्यासाठी थांबू नकोस. मी सांगतो म्हणून नाही. तुला भूक लागते म्हणून." तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही नाही का थांबत, त्या देवव्रतसाठी? रोजचा डबा सांगतो मला. भाजीला वास येतो." एवढंच बोलली आणि ताक वाढलं.

तीन वर्षं ती माझे डबे घासते आहे. तिला सगळं ठाऊक होतं. मला फार लाज वाटली.

३ मार्च, सोमवार

सकाळी गेल्या गेल्या पवित्राला म्हटलं, ती ओळ खोड. नवी लिहून दिली: 'भूक लागली की जेवतो. मालकासाठी अर्धी भाकरी बाजूला ठेवतो.'

"मग निष्ठा कुठं राहिली, सर?" तिने मलाच विचारलं.

"अर्ध्या भाकरीत."

थांबलेला असताना बोलायची अकरा वाक्यं लिहिली. त्यातली बरीचशी युवराजाबद्दल नाहीतच. पाण्याला ओढ किती आहे, दगड दुपारी किती तापतो, चिकोडीकडे जोंधळा कसा असेल. आणि युवराज परत आला की जुन्या 'मालक, तुम्ही आलात, आता मी जेवेन'च्या जागी नवं वाक्य: "मी जेवलो, मालक. तुमची अर्धी ठेवलीय."

पवित्राने ते तात्पुरतं स्वतःच्याच आवाजात भरलं. म्हाताऱ्याच्या तोंडी पोरीचा आवाज. आम्ही दोघं हसून हसून दमलो. कितीतरी महिन्यांनी हसलो असेन.

५ मार्च, बुधवार

काल दहा जणांना नवा मल्लाप्पा दिला. सात जणांनी त्याला पुलाशी सोडलंच. पण त्यातले पाच परत गेले. एकाने लिहिलंय, 'म्हातारा एकटा काय करत असेल ते बघायला गेलो.'

देव आज आला नाही. मेसेजही नाही. डबा मी दोन वाजता उघडला. पूर्वीपेक्षा लवकर, पण तरी दोन.

७ मार्च, शुक्रवार

हेब्बाळ. काचेची इमारत, खाली तळं दिसतं. अकराचा डेमो. देव म्हणाला, "तू रिसेप्शनला बस, मल्लाप्पाचा भाग आला की वर बोलावतो." मी नवा शर्ट घातला होता. पवित्रा वर गेली, कारण खेळ चालवायला ती हवीच. मी सोफ्यावर बसलो. साडेअकरा. बारा. साडेबारा. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा पाणी विचारलं.

एक वाजता देव खाली आला, कानाला फोन. मला हातानं थांबायची खूण करून त्याने फोन संपवला. "अरे नंद्या, लोक वेडे झाले कोल्ह्यावर! मल्लाप्पापर्यंत गेलोच नाही आपण. त्याला ठेवू ना, पहिल्या गावात, वेशीवर उभा. बटणं कशी दाबायची ते सांगेल."

माहितीपुस्तिका. झाकण क्रमांक चार.

मग म्हणाला, इंदिरानगरचं ऑफिस महिनाअखेर बंद करतोय. पोरं इकडे येतील. "तुझं जूनमध्ये बघू. तू थांब जरा, मी आहे ना." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल, जेवू बरोबर. डबा आणलायस ना? दहा मिनिटांत आलो." आणि पुन्हा फोन लावत लिफ्टकडे गेला.

मी घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. भूक लागली होती. खरं तर ती मला रोज एक वाजताच लागते, मी तिच्याकडे लक्ष देत नव्हतो एवढंच. मी डबा उघडला, तिथंच, सोफ्यावर, मांडीवर पेपर पसरून. वांग्याची भाजी गरम होती. या कंपनीत आल्यापासून पहिल्यांदा विद्याने डब्यात दिलेली भाजी मी गरम खाल्ली.

देव दोन वाजता आला. डबा बघून थबकला. "जेवलास?" त्याच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला त्याची दया आली. हॉस्टेलपासून आजवर त्याने मला आधी जेवलेला बघितलेलं नाही.

"हो. तुझी अर्धी पोळी ठेवलीय," मी म्हटलं.

त्याने ती उभ्या उभ्याच खाल्ली. तो वाईट नाही. त्याला कुणी परत फिरायची सवयच लावली नाही, आणि त्यात माझाही हात आहे.

जाताना पवित्रा जिन्यात भेटली. डोळे लाल. "सर, वेशीवर एक ठेवते त्यांच्या समाधानाला. पण पुलाजवळचा काढणार नाही. कुणाला सांगू नकासा. वाट सोडून जो कुणी तिकडं जाईल त्याला दिसेल."

"काय करत असेल तो?"

"जेवत असेल की."

८ मार्च, शनिवार

सकाळी देवला मेसेज पाठवला: जूनपर्यंत थांबत नाही, महिनाअखेर निघतो. त्याने अंगठा पाठवला. नीट वाचलं की नाही, देव जाणे. मी पुन्हा विचारलं नाही.

ऑफिसात सामान बांधायचं होतं. यल्लव्वाने विचारलं, "ऊट आतेन री?" मी म्हटलं, "घरी जाऊन." तिच्या बादल्या पोरांनी हेब्बाळच्या टेम्पोत चढवल्या, तिलाही तिकडे काम देताहेत. बरं झालं.

आज ठरवून लवकर निघालो. दोघांनी मिळून जेवायचं मनात होतं. पण ट्रॅफिक होतं आणि घरी पोचायला एक वाजून पंचवीस मिनिटं झाली. दार उघडलं. टेबलावर एकच ताट पालथं होतं. विद्याचं ताट घासून ओट्यावर उपडं.

"मी जेवले," ती म्हणाली. "एक वाजला तेव्हा. तुम्हीच म्हणालात."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तीस वर्षांत पहिल्यांदा मी घरी आलो आणि माझ्यासाठी कुणी उपाशी नव्हतं. क्षणभर वाटलं, विचारावं, पंचवीस मिनिटंही थांबली नाहीस? मग तिचा चेहरा बघितला. टवटवीत होता. शनिवारी दुपारी तो असा असतो हे मला माहीतच नव्हतं.

तिने मला वाढलं आणि समोर बसली, संत्रं सोलत.

"राहिला का हो तुमचा माणूस?"

"राहिला. पुलाच्या अलीकडे."

"उपाशी?"

"नाही," मी म्हटलं. तिने अर्धं संत्रं माझ्या ताटात ठेवलं.